‘बेई’: एका कवडीची अक्षरकथा

मंडळी, आज आपण एकच चिनी अक्षर घेऊया. उच्चार ‘बेई’, आजचा अर्थ शिंपला. पण साधारण इ.स.पू. १२०० च्या, शांग काळातल्या हाडांवर नि कासवाच्या कवचांवर पाहिलं, तर ते सरळ कवडीचं चित्र आहे.

कवडी आपल्याला परकी नाही. तुळजाभवानीचे आराधी तिची माळ गळ्यात घालतात, आणि भाव पडला की आपण ‘कवडीमोल’ म्हणतो. मान आणि मोल, दोन्ही एकाच कवडीत. चीनमध्ये यांतलं आधी काय आलं?

अक्षरं बघितली तर वाटतं, मोलच. ‘विकत घेणे’ या जुन्या अक्षरात वर जाळं, खाली कवडी. ‘गरीब’मध्ये वर ‘वाटणे’, खाली कवडी. संपत्ती, माल, महाग, स्वस्त, सगळीकडे ती आहेच. इ.स. १०० च्या सुमारास कोशकार शू शन यानंही लिहून ठेवलं, की पूर्वी कवड्या चालत, छिन काळात त्या जाऊन नाणी आली.

पण इथे घाई नको. शू शनला ती हाडं पाहायला मिळाली नव्हती. अभ्यासकांचं लक्ष त्यांच्याकडे गेलं १८९९ मध्ये. आन्यांगला १९७६ मध्ये फू हाओ राणीचं थडगं उघडलं, त्यात जवळपास ७,००० कवड्या निघाल्या. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब! ब्राँझच्या भांड्यांवरचे जुने लेख सांगतात, राजानं कवड्यांच्या माळा बक्षीस दिल्या, त्या सन्मानाखातर हे भांडं घडवलं. म्हणजे देणगी, बाजार नव्हे. पुढे पश्चिम झौ काळातल्या, १९७५ मध्ये सापडलेल्या एका भांड्यावर मात्र जेडच्या वस्तूची किंमत ८० माळा लिहिली आहे, आणि बदल्यात जमीन दिली आहे. इथे कवडी मापाला लागली. आपल्याला दिसतो तो क्रम असा: आधी मान, मग मोल.

आणखी एक सावधगिरी. ‘सदस्य’ या अक्षरातही कवडी दिसते, पण मुळात ते तीन पायांचं पातेलं होतं. लिहिता लिहिता त्याची कवडी झाली. तेव्हा दिसली कवडी की जोड गोष्ट, असं करायचं नाही. अक्षराचं जुनं रूप आधी तपासायचं.

१९५६ च्या लिपीसुधारणेत सात रेघांची ‘बेई’ चार रेघांची झाली, आणि ‘घेणे’-‘विकणे’मधून तर कवडी पार गेली. व्यवहार राहिला, कवडी गेली.