उदरांतील एक दुर्मिळ अर्बुद

रोग पुरातन असतो, त्याचें नांव मात्र कालचें असतें, असें वैद्यकाच्या इतिहासांत पुष्कळदां घडलें आहे. लहान, गोल पेशींचीं अर्बुदें अनेक जातींचीं असतात. त्यामुळें उदरांत पसरलेल्या एका जातीची स्वतंत्र ओळख फार दिवस पटली नव्हती. १९८९ मध्यें जेराल्ड व रोझाइ या विकृतिशास्त्रज्ञांनीं तिचें वर्णन केलें. १९९१ मध्यें १९ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली. पेशींच्या पुंजक्यांभोंवतीं तंतुमय ऊतींचें दाट कुंपण, म्हणून नांव पडलें डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर. नांव लांबलचक खरें, पण नेमकें.

रोगी बहुतेक किशोर वा ऐन विशींतले तरुण, आणि त्यांतही मुलगेच फार. पोट दुखतें, फुगतें. निदान होईपर्यंत उदराच्या अस्तरावर गांठींचा सडा पडलेला असतो.

याचें मूळ जनुकांत सांपडलें. ११ व्या व २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, आणि १९९४ मध्यें लदान्यी व जेराल्ड यांनीं दाखविलें कीं, त्यामुळें दोन जनुकें जोडलीं जातात. एक युइंगच्या अस्थि-अर्बुदांतून परिचित झालेलें, दुसरें मुलांच्या मूत्रपिंडांतील विल्म्सच्या अर्बुदांतून. वाढीला लगाम घालणारें जनुकच येथें वाढीचें हत्यार बनतें, हा विलक्षण प्रकार होय!

उपचारांचा इतिहास याहून खडतर आहे. १९९६ मध्यें न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग रुग्णालयांतील कुश्नर व सहकाऱ्यांनीं १२ रुग्णांचा अनुभव मांडला: तीव्र मात्रेच्या औषधांचे सात फेरे, मग शस्त्रक्रिया व किरणोपचार. कांहींचा रोग दीर्घकाळ रोखला गेला. एकट्या औषधानें वा एकट्या शस्त्रानें भागत नाहीं, हें तेव्हांपासून मान्य झालें. शस्त्रक्रिया म्हणजे एक गांठ काढणें नव्हे. कधीं शेंकडों गांठी तासन् तास एकेक करून वेंचाव्या लागतात.

पुढें ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रांत अँड्रिया हेज-जॉर्डन यांनीं गांठी काढल्यावर सुमारें ४१ अंशांपर्यंत तापविलेलें सिस्प्लॅटिन उदरांत दीड तास खेळविण्याची पद्धत मुलांवर योजिली. तर्क सरळ आहे: डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी औषधांत न्हाऊन मराव्यात. परंतु लाभ त्या ऊन औषधाचा कीं कसून केलेल्या शस्त्रक्रियेचा, याविषयीं शल्यविशारदांत एकमत झालेलें नाहीं. पांच वर्षें ओलांडणारे रुग्ण अद्यापि थोडेच आहेत.