किण्वाचे सजीवत्व : शिंदीच्या मडक्यापासून सेनगावच्या वर्गापर्यंत

आज हिंगोली जिल्ह्यात असलेले सेनगाव आणि त्याच्या आसपासचा मुलूख सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पुढेही, 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत, तो परभणी जिल्ह्यात मोडत असे. या संस्थानात आंबवण्याची क्रिया घरापुरती मर्यादित नव्हती, तर ती राज्याच्या तिजोरीशी जोडलेली होती. शिंदीच्या झाडाला चीर देऊन मडक्यात उतरवलेला गोड रस पहाटे ताजा असताना नीरा म्हणून पिता येतो, परंतु ऊन चढू लागले की तो फेसाळतो, आंबूस होतो आणि मादक बनतो; मडक्याला आतून चुना लावला तर हा बदल रोखला जातो, आणि आधी वापरलेल्या, न धुतलेल्या मडक्यात तो झपाट्याने होतो. अबकारी, म्हणजे मादक पदार्थांवरील कर, हे संस्थानाच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन होते आणि म्हणूनच स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसच्या निजामाविरुद्धच्या लढ्यात शिंदीची झाडे तोडणे हा सत्याग्रहाचा एक मार्ग ठरला.

रसात हा बदल घडवणाऱ्या घटकाला, म्हणजे किण्वाला, भारतीय विचारात फार जुने स्थान आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या, म्हणजे मद्यावर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात उडीद, तांदूळ आणि मोरटासारख्या वनस्पती एकत्र करून किण्व तयार करण्याची कृती प्रमाणांसह दिलेली आहे. चार्वाकांनी, म्हणजे जडवादी विचारवंतांनी, तर याच किण्वाचा दाखला देऊन असे प्रतिपादन केले, की ज्याप्रमाणे स्वतः मादक नसलेल्या द्रव्यांच्या संयोगातून मदशक्ती उत्पन्न होते, त्याप्रमाणे जड भूतांच्या संयोगातून चैतन्य उत्पन्न होते. हा युक्तिवाद धाडसी होता, मात्र त्यात एक बाजू तपासायची राहिली होती: ज्या किण्वाला जड मानून त्यातून चैतन्याची उपपत्ती लावली जात होती, ते किण्व स्वतःच सजीव असेल तर काय?

हा प्रश्न युरोपातही सहज सुटला नाही. लेव्हेनहुक याने 1680 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली किण्वाचे गोलक पाहिले होते, पण त्यांना जीव म्हणण्याचे कारण त्याला दिसले नाही. लाव्हाझिए याने 1789 मध्ये साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड कसे होते याचा हिशेब मांडला, आणि त्या हिशेबात किण्वाच्या जगण्याला जागाच नव्हती. 1837 च्या सुमारास कान्यार-लातूर, श्वान आणि क्युट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे किण्व वाढते व त्याला अंकुर फुटतात असे दाखवले, तेव्हा 1839 मध्ये त्या काळच्या एका प्रतिष्ठित रसायनविषयक नियतकालिकात त्यांची टवाळी करणारा लेख छापला गेला. लीबिग या थोर रसायनशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की कुजणाऱ्या द्रव्यातील हालचाल साखरेच्या कणांना लागते आणि ते फुटतात. लुई पाश्चर याने 1860 मध्ये या मताला जे उत्तर दिले ते प्रयोगाच्या रचनेमुळे मोलाचे ठरते: त्याने साखर, अमोनियाचा क्षार आणि किण्वाची राख एवढ्याच निर्जीव द्रव्यांत किण्वाचा अगदी अल्प अंश सोडला, आणि साखर आंबत असतानाच किण्वाचे प्रमाण वाढत गेल्याचे दाखवून दिले.

मराठवाड्यातील मुलांपर्यंत हे ज्ञान उशिरा आणि वळणावळणाने पोहोचले. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञान उर्दूतून शिकवले जाई आणि माध्यमिक शिक्षणावरही उर्दूचेच वर्चस्व होते. मराठवाडा 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, तर बालभारती ही पाठ्यपुस्तक संस्था 1967 मध्ये स्थापन झाली, आणि त्यानंतर सेनगाव व पुणे येथील विद्यार्थ्यांच्या हाती विज्ञानाची एकच मराठी पुस्तके पडू लागली. किण्वाचा प्रयोग शालेय विज्ञानात रुळला तो त्याच्या साधेपणामुळे: बाटलीत कोमट पाणी, साखर आणि कोरडे किण्व घ्यायचे, तोंडावर फुगा बसवायचा आणि तो फुगण्याची वाट पाहायची.

मात्र फुगलेला फुगा सजीवत्वाचा पुरावा नव्हे, आणि हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले गेलेच पाहिजे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले तरी फुगा फुगतो, आणि त्यातून निघणारा वायूही, किण्वाच्या बाटलीतील वायूप्रमाणेच, चुन्याची निवळी दुधाळ करतो. तिथे तर कोणताच जीव नसतो. म्हणून दुसऱ्या बाटलीत साखरेविना किण्व आणि तिसऱ्या बाटलीत उकळून थंड केलेले किण्व साखरेसह ठेवावे लागते. अशा जोडबाटल्यांना नियंत्रित प्रयोग म्हणतात, म्हणजे एकच गोष्ट बदलून बाकी सर्व सारखे ठेवणे. त्यातही तिसऱ्या बाटलीवर विसंबून थांबता येत नाही, कारण उष्णतेने जीव मरतो तसे निर्जीव विकरही, म्हणजे रासायनिक क्रियेला गती देणारी प्रथिनेही, निकामी होतात. एडुआर्ड बुखनर याने 1897 मध्ये किण्व वाळूबरोबर वाटून, दाबून त्याचा पेशीविरहित रस काढला आणि त्या रसातही साखर आंबली. या कामासाठी त्याला 1907 चे नोबेल पारितोषिक मिळाले. वायू सोडण्याचे काम विकर करतात, परंतु वाढणे आणि पिलावणे हे पेशीलाच साधते, आणि पाश्चरचा दावा नेमका या दुसऱ्या गोष्टीवर उभा होता. दहावीच्या पुस्तकात किण्व कलिकायनाच्या, म्हणजे पेशीला अंकुर फुटून नवी पेशी होण्याच्या, उदाहरणासाठी येते. फुग्याची बाटली आणि सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी एकाच तासात शेजारी ठेवली, आणि काचपट्टीवर मिथिलीन ब्लूचा थेंब टाकला, तर मेलेल्या पेशी निळ्या झालेल्या व जिवंत पेशी बिनरंगी राहिलेल्या दिसतात, कारण जिवंत पेशी तो रंग आपल्या श्वसनक्रियेच्या ओघात नाहीसा करते.