भूलोकमल्लाचा गळ

कल्याणच्या एका राजाने मासे पकडण्यावर लिहून ठेवलं आहे, असं आमच्या गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांनी मला सांगितलं, तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. कल्याणला खाडी आहे. खाडीत मासे असणार. आणि राजाला काही लोकलला लटकून फोर्टातलं ऑफिस गाठायचं नव्हतं. बसला असेल गळ टाकून! हा समज मी चांगला आठवडाभर बाळगला आणि चारचौघांत ऐटीत सांगूनही टाकला. मग प्रत्यक्ष पुस्तक हातात आलं आणि कळलं, की हे कल्याण मध्य रेल्वेवरचं नव्हेच. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं, उमरगा मागे टाकलं, की पुढे कर्नाटकात बीदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे, ते हे. चालुक्यांची राजधानी कल्याणी. त्या चारचौघांना दुरुस्ती कळवायची अजून राहिली आहे.

राजाचं नाव सोमेश्वर, तिसरा. पुस्तकाचं नाव 'मानसोल्लास', ऊर्फ 'अभिलषितार्थचिंतामणी'. काळ साधारण इ. स. 1129. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांच्या संपादनाने ते छापलं गेलं. पहिला खंड 1925 साली, दुसरा 1939 साली आणि तिसरा 1961 साली. पहिल्या खंडाच्या वेळी बारशाला आलेला वाचक तिसऱ्या खंडापर्यंत नातवंडांच्या बारशाला लागला असणार.

माझं संस्कृत एसेस्सीला शंभरात बेचाळीस. त्यामुळे शाळेतून निवृत्त झालेल्या एका शास्त्रीबुवांना रोज संध्याकाळी चहा पाजून मी अर्थ लावून घेतला. मला हवं होतं ते प्रकरण 'मत्स्यविनोद'. पहिल्या दिवशी मी माशांवरचे विनोद ऐकायला मिळणार म्हणून हसऱ्या तयारीने बसलो होतो. शास्त्रीबुवांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विनोद म्हणजे करमणूक, असं मला सांगितलं. ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दोन्हीपैकी काही नव्हतं.

ग्रंथाची मांडणी मात्र मला मनापासून आवडली. पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणं. पहिल्या भागात राज्य मिळवावं कसं, दुसऱ्यात ते टिकवावं कसं. उरलेल्या तीन भागांत, म्हणजे साठ प्रकरणांत, ते भोगावं कसं! घर, स्नान, विडा, वस्त्रं, अन्न, पाणी, हत्तींच्या शर्यती, कोंबड्यांच्या झुंजी, गाणं, गोष्टी, खेळ. चाळीस टक्के काम आणि साठ टक्के रजा. मी बँकेत एकतीस वर्षं हेच प्रमाण राखण्याचा प्रयत्न केला, पण त्याला कोणी ग्रंथ म्हटलं नाही. मेमो म्हटलं.

आता या राजाचे वडील कोण? सहावा विक्रमादित्य. 1076 ते 1126, अशी पन्नास वर्षं राज्य केलेला. गादीवर बसताच चालू शक बाजूला सारून त्याने स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. काश्मीरहून आलेल्या बिल्हण कवीने त्याच्यावर 'विक्रमांकदेवचरित' नावाचं काव्य रचलं. असा बाप! आणि पोटी हा मुलगा. त्याची बिरुदं पाहावीत तर एक 'भूलोकमल्ल' आणि दुसरं 'सर्वज्ञ'. पण मल्लपणापेक्षा सर्वज्ञपणाकडे ओढा जास्त. दक्षिणेकडून होयसळ विष्णुवर्धन डोकं वर काढतोय, पूर्वेकडे वेंगीचा मुलूख हातून निसटतोय, आणि हा कल्याणीत बसून कुठल्या माशाला कुठलं आमिष लावावं ते लिहितोय. बारा वर्षांत, 1138 साली, कारकीर्द आटोपली. पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत कलचुरी बिज्जलाने कल्याणी गिळली. इतिहासाच्या पुस्तकात बापाला प्रकरण मिळतं आणि मुलाला परिच्छेद. त्याही परिच्छेदात एक 'परंतु' असतो.

सोमेश्वराने वडिलांवर 'विक्रमांकाभ्युदय' नावाचा एक ग्रंथही लिहायला घेतला होता. तो अपुराच राहिला. शास्त्रीबुवांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला आणि विषय बदलला.

कारण आमचे वडील मामलेदार होते. पुढे हुद्द्याचं नाव तहसीलदार झालं, पण वडिलांकडे पाहून कोणालाही मामलेदारच म्हणावंसं वाटे. त्यांची जीप फाटकाशी थांबली की शेजारच्या कोंबड्यासुद्धा एका रांगेत उभ्या राहात. पुरात चार दिवस होडीतून फिरून त्यांनी तीन गावं हलवली होती, आणि त्या गावांतली म्हातारी माणसं अजून मला भेटली की आधी वडिलांचं नाव काढतात, मग माझ्याकडे पाहतात, आणि मग पुन्हा वडिलांचं नाव काढतात. मी त्यांचा एकुलता एक मुलगा. कॉलेज बुडवून कृष्णेच्या काठी गळ टाकून बसणारा. माझा गळ म्हणजे कळकाची काठी, तंगूस आणि तरंगायला बाटलीच्या बुचाचा तुकडा. एकदा जीपमधूनच त्यांनी मला पाहिलं. रात्री पानावर बसल्यावर एवढंच म्हणाले, "नदीवर बसून मोठा झालेला एक माणूस सांग."

तेव्हा मला नाव सुचलं नाही. आज मी ताडकन सांगितलं असतं, "सोमेश्वर, तिसरा!" आणि त्यांनी आमटीचा भुरका मारून विचारलं असतं, "आणि राज्याचं काय झालं?"

असो. तर मत्स्यविनोद. मासेमारीवर बोलणारे लोक बहुधा निसटलेल्या माशाची लांबी सांगतात. हा राजा तसा नाही. त्याने पस्तिसेक जातींचे मासे नावानिशी सांगितले आहेत. त्यांची वाटणी समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे अशी केली आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर सविस्तर लिहिलं आणि राजाचे मासे आजच्या माशांशी ताडून पाहिले. त्यातला रोहित म्हणजे आपला रोहू, बाजारात बर्फावर डोळे वटारून पडलेला असतो तोच. पण खरी गंमत पुढे आहे. राजा म्हणतो, लगेच गळ टाकू नका. आधी माशांना खायला घाला. कोणाला तिळाचं, कोणाला भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचं आणि भाताचं, आणि मांसाहारी मंडळींना त्यांच्या आवडीचं. जागा ठरलेली हवी आणि चारा नेमाने पडायला हवा. मासे माणसाळले, पोसले, की मग बांबूची काठी आणि गळ. मी चाळीस वर्षं उलटा क्रम केला. आधी गळ, मग दुपारभर वाट, आणि शेवटी घरून आणलेली पोळी मीच खायची.

पाखरांच्या बाबतीतही राजाचं हेच. कोंबडे झुंजतात, लावे झुंजतात, पारव्यांचं एक प्रकरण, ससाण्यांचं एक. त्याच्या दरबारी एकही पाखरू नुसतं बसलेलं नाही. सगळी ड्यूटीवर! आमच्या परसात याच्या नेमकं उलट. परस म्हणजे केवढं? एक पपई, एक शेवगा, कढीपत्ता, आणि बुजवू बुजवू म्हणत तीस वर्षं न बुजवलेला आड. पण आडाच्या रहाटावर खंड्या येतो, कढीपत्त्यात बुलबुल संसार थाटतात, भारद्वाज कुंपणाखालून सासऱ्याच्या घरी आल्यासारखा जपून पावलं टाकत जातो, आणि पहाटे दयाळ पपईच्या शेंड्यावर बसून गातो. ड्यूटी कोणालाच नाही.

ती लावली वडिलांनी. 1983 साली ते निवृत्त झाले. पहिल्याच सोमवारी पावणेअकरा वाजता ते कपडे करून ओसरीवर उभे राहिले. जीप येणार नव्हती. थोडा वेळ फाटकाकडे पाहिलं, मग खुर्ची उचलून परसात नेली. चार दिवसांनी त्यांनी कचेरीच्या पद्धतीने आखलेली एक वही घातली आणि पाखरांचा हजेरीपट सुरू केला. ती वही माझ्यापाशी आहे. 'दयाळ. 5.40. दहा मिनिटे उशीर.' 'बुलबुल, दोन. बांधकाम विनापरवाना.' 'भारद्वाज. उरक कमी.' 'खंड्या. 7.15 ते 8.05. निष्कारण बसून.' याच्या पुढच्या पानावर, शाई बदलून, 'निष्कारण' शब्दावर बारीक रेघ मारलेली आहे. समासात लिहिलंय, 'आडात बेडकी पकडली.'

दिवाळीनंतर एका रविवारी मी काठी घेऊन निघालो, तर वडील चपला घालून दारात. मला वाटलं, आता पुन्हा तोच प्रश्न. ते म्हणाले, "चल." नदीवर ते माझ्यापासून वीस पावलांवर एका दगडावर बसले आणि खिशातून कणकेच्या गोळ्या काढल्या. आईकडून मागून आणल्या होत्या! एकेक करून पाण्यात टाकल्या आणि घड्याळ पाहिलं. मग तो रोजचा नेम झाला. तोच दगड, तीच वेळ, आणि गोळ्या मोजून चाळीस. महिन्याभरात साडेपाच वाजले की त्या दगडापाशी पाणी उकळल्यासारखं हलायला लागे. मानसोल्लासाचा पहिला अर्धा भाग त्यांनी न वाचता तंतोतंत पाळला.

दुसऱ्या अर्ध्याला मात्र त्यांची हरकत. मी एकदा काठी घेऊन हळूच दगडाकडे सरकलो. त्यांनी मागे न पाहता सांगितलं, "इथे नाही. हे आपल्या पंगतीला आलेले आहेत." शाकाहारी म्हणाल, तर अजिबात नाही. बाजारातून आणलेल्या मरळीचं डोकं ते शेवटच्या काट्यापर्यंत निपटत. तो मासा त्यांच्या हद्दीतला नव्हता, एवढंच. मी पुढची दहा वर्षं वीस पावलांवरून वांबी आणि चिलापी धरत राहिलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत रोहू माझ्या वडिलांच्या हातचं जेवून परत जात राहिले. आम्ही बोलत फार नव्हतो. मासे बुजतात. पण चाळीस गोळ्यांमधल्या पाच-सहा ते पुढेपुढे मला टाकायला देत.

आता स्वयंपाक. अन्नभोगाचं प्रकरण म्हणजे या ग्रंथाचं देवघर. त्यात उडदाची इडरिका आहे, धोसक आहे, वडे आहेत. म्हणजे आपण नाक्यावरच्या उडुपी हॉटेलात जाऊन मागवतो ती निम्मी पाटी 1129 साली कल्याणीत तयार होती. (शेतातले उंदीर भाजण्याची कृतीही आहे. ते पान मी हिच्या हाती लागू दिलं नाही.) तिसऱ्या खंडात गाण्याविषयी लिहिताना राजाने नोंदवलंय, की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात. ओवीची इतकी जुनी नोंद क्वचितच सापडेल. होयसळ चाल करून येत असताना याचा कान उखळाकडे! पन्नास वर्षं राज्य करणाऱ्या त्याच्या वडिलांना ती ओवी ऐकू आली होती की नाही, कोण जाणे. आली असली तरी लिहून ठेवायला सवड नव्हती.

माशाची कृती ऐकून ही म्हणाली, "करून बघू." तुकडे धुऊन चिंचेच्या कोळात शिजवायचे, वर गव्हाचं पीठ भुरभुरायचं, तेलात लाल तळायचे, आणि सैंधव, वेलदोडा, मिरी. "गव्हाचं पीठ? माशाला?" हिने दोनदा विचारलं. आमच्याकडे तांदळाचं, नाहीतर रवा. "आणि तिखट?" मी सांगितलं, तिखट नाही. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, त्याला अजून चारशे वर्षं अवकाश होता. "अग्गोबाई, मग हे लोक खात काय होते?" हिने सोमेश्वराविषयी काढलेला पहिला करुण उद्गार.

पण केलं. रोहूच आणला, बाजारातला. चिंचेत मऊ झालेला तुकडा तेलात पडला तेव्हा जो वास सुटला, त्याने शास्त्रीबुवा, जे माशाचं नावही संस्कृतातच घेतात, त्यांनी रस्त्यावरून जाताना आमच्या खिडकीकडे पाहिलं. कणकेचं ते पातळ कवच खुसखुशीत, आत आंबट, आणि वेलदोडा मात्र जरा माशाच्या वरचढ. राजाचा हात वेलदोड्याला सढळ होता, की हिचा, यावर आमचं एकमत झालं नाही. ही म्हणाली, "पुढच्या वेळी चिंच त्यांची आणि तिखट माझं."

एक तुकडा उरला. तो मी परसात आडाच्या कठड्यावर ठेवला. कावळा शेवग्यावर होताच. एक डोळा तुकड्यावर, एक माझ्यावर. मी चार पावलं मागे सरलो, तसा तो उतरला, इकडेतिकडे न पाहता तुकडा उचलला आणि गेला. मी आत जाऊन वही काढली. तिच्यात अजून बरीच पानं कोरी आहेत. लिहिलं, 'कावळा. 12.20. वेळेवर.'