महागडा हेडफोन ऐकायला जाताय? नेमकं काय ऐकायचं ते आधी समजून घ्या

समजा, तुम्ही वर्षभर पैसे साठवलेत. बजेट आहे तीस-चाळीस हजारांचं. यूट्यूबवर दहा-बारा रिव्ह्यू बघून झालेत. एक जण म्हणतो ‘साउंडस्टेज अफाट आहे’, दुसरा म्हणतो ‘ट्रेबल टोचतो’, तिसरा म्हणतो ‘मिड्स एकदम क्रीमी’. आणि तुम्ही दुकानात जाऊन तोच हेडफोन कानाला लावता, तेव्हा वाटतं, आवाज छान आहे खरा, पण यात तीस हजारांचं काय आहे?

हा प्रश्न पडणं अगदी बरोबर आहे. ऐकणं हे शिकावं लागतं. या लेखात आपण हेडफोनचा आवाज कशामुळे बदलतो, रिव्ह्यूमधल्या शब्दांचा अर्थ काय, आपलेच कान आपल्याला कसे फसवतात आणि डेमोला गेल्यावर काय करायचं, हे सगळं बघू.

आत काय असतं?

हेडफोनमध्ये आवाज तयार करणाऱ्या भागाला ड्रायव्हर म्हणतात. त्याचे मुख्य तीन प्रकार आहेत.

डायनॅमिक: पातळ पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे हलतं. स्वस्त इयरफोनपासून लाखाच्या हेडफोनपर्यंत सर्वात जास्त वापरला जाणारा प्रकार हाच.

प्लॅनर मॅग्नेटिक: इथे वेटोळं नसतं. विजेची वाट सगळ्या पडद्यावरच पसरलेली असते, त्यामुळे पूर्ण पडदा एकसारखा हलतो. बेस खोलवर जातो आणि स्वच्छ राहतो. तोटा म्हणजे चुंबकांमुळे वजन वाढतं. ऑडिझी आणि हायफायमॅन या कंपन्या यासाठी ओळखल्या जातात.

इलेक्ट्रोस्टॅटिक: अतिशय पातळ, विद्युतभारित पडदा दोन जाळ्यांच्या मधे ताणलेला असतो. जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० मध्ये असा पहिला हेडफोन विक्रीला आणला. बारकावे ऐकवण्यात हा प्रकार पटाईत, पण त्याला वेगळा, जास्त व्होल्टेजचा ॲम्प्लिफायर लागतो. फोनला जोडून चालणार नाही.

ड्रायव्हरचा प्रकार बघून आवाज ओळखता येईलच असं मात्र नाही. चांगला डायनॅमिक हेडफोन वाईट प्लॅनरला सहज मागे टाकतो.

ओपन की क्लोज्ड?

पहिली निवड खरंतर इथे करायची असते. क्लोज्ड हेडफोनची वाटी मागून बंद असते. बाहेरचा आवाज कमी येतो आणि आपलं गाणं बाहेर जात नाही. ओपन हेडफोनच्या मागे जाळी असते. सेन्हायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा पहिला ओपन हेडफोन आणला. त्यात आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, मोकळा वाटतो. पण लोकल ट्रेनमध्ये किंवा हॉस्टेलच्या रूमवर त्याचा उपयोग शून्य. शेजारच्या कॉटवरच्या मित्राला तुमचं सगळं गाणं ऐकू जाईल.

रिव्ह्यूमधले शब्द

अभंगाचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग घ्या. पखवाज, पेटी, टाळ, तानपुरा आणि गायकाचा आवाज, म्हणजे जवळपास सगळी पट्टी एकाच ठिकाणी मिळते.

बेस: पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारा. चांगल्या हेडफोनमध्ये थाप, मग घुमारा, मग शांतता असा क्रम कळतो. वाईट हेडफोनमध्ये नुसतं ‘धम्म’ होतं आणि ते गायकाच्या आवाजावर सांडतं. त्यालाच रिव्ह्यूवाले ‘मडी बेस’ म्हणतात.

मिड्स: गायकाचा आवाज आणि पेटी. गायक समोर बसलाय असं वाटतं, की पडद्याआडून गातोय असं वाटतं? आवाज नाकातून आल्यासारखा वाटला तर मिड्समध्ये गडबड आहे.

ट्रेबल: टाळ. टाळाचा आवाज वाजल्यावर हळूहळू विरत जातो, तो शेवटपर्यंत ऐकू आला पाहिजे. ‘छन्न’ एवढंच ऐकू येऊन आवाज तुटला तर ट्रेबल कमी आहे.

सिबिलन्स: ‘स’, ‘श’, ‘च’, ‘छ’ ही अक्षरं कानाला टोचणं. साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज जास्त असला की हे होतं. पहिली पाच मिनिटं असा हेडफोन ‘एकदम क्लिअर’ वाटतो, तासाभराने डोकं दुखतं.

डिटेल: तानपुऱ्याची जवारी ऐका. एका तारेतून निघणारे वरचे सूर वेगवेगळे जाणवतात का, की नुसती गुणगुण ऐकू येते?

साउंडस्टेज आणि इमेजिंग: साउंडस्टेज म्हणजे आवाजाची जागा किती मोठी वाटते ते, आणि इमेजिंग म्हणजे कोणतं वाद्य कुठून वाजतंय हे किती नेमकं कळतं ते. इथे एक सोपी चाचणी आहे. पन्नास-साठच्या दशकातली बहुतेक मराठी-हिंदी गाणी मोनो आहेत. ती ऐकताना आवाज बरोब्बर मधोमध आला पाहिजे. तो एका बाजूला सरकत असेल तर डावा-उजवा ड्रायव्हर सारखे नाहीत, किंवा हेडफोन नीट बसलेला नाही.

चार हेडफोन, चार स्वभाव

सेन्हायझर एचडी ६००: १९९७ पासून बाजारात आहे. मिड्ससाठी प्रसिद्ध. गायकाचा आवाज, बासरी, व्हायोलिन अगदी नैसर्गिक वाटतात. पण सगळ्यात खालचा बेस कमी पडतो. ईडीएम किंवा डीजे मिक्स ऐकणाऱ्याला हा हेडफोन ‘बोअर’ वाटेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

सेन्हायझर एचडी ८००: २००९ चा. ५६ मिलिमीटरचा ड्रायव्हर कानापासून लांब, तिरका बसवलेला. साउंडस्टेज प्रचंड. मात्र ६ किलोहर्ट्झच्या आसपास आवाजाला एक टोक येतं, ते अनेकांना टोचतं. २०१६ च्या एचडी ८०० एस या मॉडेलमध्ये कंपनीने ते आवाज शोषणारा भाग टाकून कमी केलं. म्हणजे लाखाच्या घरातल्या हेडफोनलाही दुरुस्ती लागते!

बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो: स्टुडिओत दिसणारा ओपन हेडफोन. बेस आणि ट्रेबल दोन्ही उचललेले. टाळ, झांज चमकतात, पण ‘स’ आणि ‘श’ धारदार होतात.

ऑडिझी एलसीडी-२: प्लॅनर. बेस खोलवर सरळ जातो, आवाज भरीव. पण वजन अर्धा किलोच्या वर. तासाभरात मान बोलायला लागते.

यातला ‘बेस्ट’ कोणता? उत्तर तुम्ही काय ऐकता त्यावर आहे.

किंमत वाढली की आवाज सुधारतो का?

संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनची मोजमापं तपासली. हेडफोनची किंमत आणि त्याचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कोणता सूर किती मोठ्याने वाजतो याचा आलेख, यांच्यात त्यांना संबंध सापडला नाही. दुसरीकडे, हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी लोकांना ब्रँड न सांगता हेडफोन ऐकवले. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज देणारा हेडफोन बहुतेकांना आवडला. त्यावरून जो आलेख तयार झाला, तोच रिव्ह्यूमध्ये दिसणारा ‘हार्मन टार्गेट’.

जास्त पैसे दिल्यावर बांधणी, आराम, सुटे भाग मिळणं, कधीकधी कमी विकृती या गोष्टी मिळतात. आवाज आवडेलच याची हमी मिळत नाही.

कान कसे फसतात?

मी स्वतः एकदा यात अडकलो होतो. दुकानात दोन हेडफोन ऐकले, महागडा लगेच सरस वाटला. कार्ड बाहेर काढणार, तेवढ्यात लक्षात आलं की दुसऱ्या वेळी व्हॉल्यूम वर होता. तो खाली आणून पुन्हा ऐकलं, तर फरक जवळपास गायब!

यामागे शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की कमी आवाजात आपल्याला बेस आणि वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो. व्हॉल्यूम थोडा वाढवला की दोन्ही वाढल्यासारखे वाटतात, आणि आपण म्हणतो ‘वा, काय क्वालिटी!’ त्यामुळे तुलना करताना आवाज सारखा ठेवणं हा पहिला नियम.

दुसरा नियम, न बघता ऐका. एमपी३ आणि फ्लॅकमधला फरक कळतो असं वाटतंय? मित्राला नाणं उडवून दोन्हींपैकी एक लावायला सांगा आणि १० वेळा ओळखा. नुसत्या अंदाजाने ९ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण १ टक्का आहे. ९ बरोबर आले तर फरक खरंच कळतोय. ६ आले तर महागड्या प्लॅनचे पैसे वाचले.

फोन, ब्लूटूथ आणि ॲम्प

सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट असतो. ब्लूटूथवर सोनीचा एलडॅक कोडेक जास्तीत जास्त ९९० पर्यंत जातो, आणि सिग्नल कमजोर झाला की ६६० किंवा ३३० वर येतो. म्हणजे लॉसलेस गाणं लावलं तरी एलडॅकवरून ते पूर्ण पोचत नाही. आयफोन तर एलडॅक वापरतच नाही, तो एएसी वापरतो. तरीही घाबरू नका. बहुतेक वेळा कोडेकपेक्षा हेडफोनचा स्वतःचा आवाज जास्त फरक पाडतो.

वायरच्या हेडफोनसाठी वेगळा ॲम्प लागतो का? गणित सोपं आहे. एचडी ६०० चा इम्पीडन्स ३०० ओहम आहे आणि १ व्होल्टला तो ९७ डेसिबल आवाज देतो. तुमचा डोंगल १ व्होल्ट देत असेल तर पॉप गाण्यांना भरपूर झालं. पण शास्त्रीय संगीताचं रेकॉर्डिंग सरासरीला त्याच्या कमाल पातळीपेक्षा २० डेसिबल खाली असू शकतं. म्हणजे आलाप ७७ डेसिबलच्या आसपास. घरात शांतता असेल तर पुरेसं, नाहीतर कमी वाटेल. व्होल्टेज दुप्पट केलं की ६ डेसिबल मिळतात. आधी आहे त्यावर ऐका, कमी पडलं तरच ॲम्प घ्या.

घरी स्पीकर घेणार असाल तर

इथे अर्धा आवाज स्पीकरचा आणि अर्धा खोलीचा असतो. १० बाय १० फुटांची खोली घ्या. दोन भिंतींमधलं अंतर ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. वेगाला अंतराच्या दुपटीने भागलं की येतात साधारण ५६ हर्ट्झ. हा सूर त्या खोलीत घुमत राहतो. बेस गिटारची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झची असते, म्हणजे तोच एक सूर खोलीभर गडगडणार आणि बाकीचे मागे पडणार. खोली चौकोनी असेल तर लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच त्रास.

उपाय फुकटचे आहेत. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नका, भिंतीपासून थोडे पुढे घ्या. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर कानाच्या उंचीला आणा. गादी, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेलं कपाट वरचे आवाज ताब्यात ठेवायला मदत करतात. बेससाठी मात्र बसायची जागा फूट-दोन फूट पुढेमागे करून बघा. फरक लगेच कळेल.

डेमोला जाताना

- तोंडपाठ असलेली चार-पाच गाणी फोनमध्ये डाउनलोड करून न्या. दुकानाचा डेमो ट्रॅक ऐकून निर्णय घेऊ नका.
- ॲपमधला इक्वलायझर बंद ठेवा.
- प्रत्येक हेडफोन निदान १५ मिनिटं घाला. चष्मा असेल तर तो घालूनच.
- आधी किंमत विचारू नका.
- इयरपॅड वेगळे मिळतात का, केबल बदलता येते का, हे विचारा. पॅड झिजले की आवाजही बदलतो.
- रोज वापरता तो आपला जुना हेडफोन सोबत न्या. नवा खरंच चांगला आहे का, हे त्याच्याशी तुलना केल्यावर कळेल.

सर्वात महाग उपकरण

ते तुमच्याकडे जन्मापासून आहे, आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणं ठीक, पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. बस-ट्रेनमध्ये बाहेरच्या गोंगाटावर मात करायला आपण व्हॉल्यूम वाढवत जातो. तिथे नॉइज कॅन्सलिंगचा खरा फायदा आहे. आवाज कमी ठेवूनही गाणं ऐकू येतं. गाणं बंद केल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं तर आवाज जास्त होता असं समजा. ती शिट्टी थांबत नसेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

एक गंमत सांगतो. सेन्हायझरचा ग्राहकांसाठीच्या हेडफोनचा व्यवसाय २०२२ मध्ये सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला. सोनोव्हाचं मुख्य उत्पादन काय? श्रवणयंत्रं. आज त्यांचा हेडफोन घ्या, पण पुढे त्यांचंच श्रवणयंत्र घ्यायची वेळ येऊ देऊ नका.

थोडक्यात

ओपन की क्लोज्ड हे आधी ठरवा, आपली गाणी घेऊन जा, आवाज सारखा ठेवून तुलना करा, किंमत शेवटी बघा. दोन हेडफोनमधला फरक तुम्हाला कळलाच नाही तर स्वस्त घ्या आणि खुशाल घरी या. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट उरलेल्या पैशात एखाद्या मैफलीचं तिकीट येईल. खरा तानपुरा, खरा पखवाज एकदा समोर बसून ऐकला की पुढच्या वेळी दुकानात काय ऐकायचं, हे कुणाला विचारावं लागणार नाही.