आगेवाल्याची जमीन

नरडाण्यात गोल्फ कधीच नव्हता. खानदेशातल्या साहेबांचा शौक शिकारीचा. 1818 साली मुलूख इंग्रजांकडे गेला, धरणगावला भिल्ल पलटण उभी राहिली, आणि ती उभी करणारा औट्रम वाघांच्या मागावर रानोमाळ हिंडला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या गोष्टींतही साहेब यायचा तो घोड्यावर बसून. त्याच्यापुढे हाकारे असायचे, मागे वेठीला धरलेली माणसं. तरीही आमच्या घरात गोल्फची गोष्ट होती. ती आली आग्रा रोडने.

नरडाण्याला दोन वाटा. तापी खोऱ्यातली रेल्वे सुरतेकडे जाते; आमचा कापूस त्या वाटेने जाई. आणि आग्रा रोडने सोनगीर, धुळे, मालेगाव करत माणसं नाशिकला जात: सिंहस्थाला, कामाला, पुढे पुढे दवाखान्याला. आजोबांचे मामा असेच गेले आणि नाशिकरोड स्टेशनावर टांगा हाकू लागले. त्यांचा धाकटा मुलगा पोरवयात साहेबांच्या मैदानावर कामाला लागला. सुट्टीत तो नरडाण्याला यायचा, ओट्यावर बसून सांगायचा, आणि आजोबांनी ते जसंच्या तसं आम्हाला दिलं.

नाशिकच का, हे मला उशिरा उमगलं. 1865 साली रेल्वे थळ घाट चढून इगतपुरीला आली आणि मुंबईचा गोरा अधिकारी, व्यापारी सहज वर येऊ लागला. सुमारे 2000 फुटांवरची कोरडी, थंड हवा, पाणी निचरणारी माळाची जमीन, आणि मुंबईत नाही एवढी मोकळी जागा. अठरा होलांच्या मैदानाला शंभर एकरांहून जास्त जमीन लागते. गोल्फ तोवर हिंदुस्थानात मुरलेला होता. कलकत्त्याचा क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना; मुंबईचा 1842 चा. नाशिकला आला तो रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब. एवढं लांबलचक नाव आजोबांच्या मामांना कधी लागलं नाही. साहेब टांग्यात बसून नुसतं ‘क्लब’ म्हणे आणि घोडा आपणहून वळे.

पोरगा होता आगेवाला. कॅडी साहेबाच्या पिशव्या वाहतो. आगेवाला पुढे धावतो, चेंडू कुठे पडला ते हेरतो आणि साहेब येईपर्यंत तिथून हलत नाही. पावसाळ्यात गवत माजलं की चेंडू दिसेना. उन्हाळ्यात जमीन अशी कडक होई की टप्पा पडला की चेंडू भलतीकडे उडे. देशावरच्या असल्या मैदानांवर होलाभोवती हिरवळ टिकत नसे, म्हणून तेल घालून दाबलेल्या वाळूवर खेळत. वरून कावळे आणि घारी, पांढरा चेंडू दिसला की उचलायच्या. हरवलेल्या चेंडूचा राग पोरावर निघायचा. आजोबा हे सांगताना अहिराणीत यायचे: “तठे बठ्ठं हिरवंगार व्हतं, पन आपला पाय कामापुरताच.”

मला या गोष्टीतलं एक फार मोलाचं वाटतं. त्या जमिनीचा उतार कुठे फसवा आहे, पाणी कुठे साचतं, वारा दुपारनंतर कुठून फिरतो, हे सगळं त्या पोराला पाठ होतं. साहेब त्यालाच विचारून काठी निवडायचा. खेळ कळणारा माणूस मैदानावर होता. त्याला खेळता तेवढं येत नव्हतं, कारण काठी हातात घ्यायची मुभा नव्हती. गोल्फच्या इतिहासात चषकांवर कोरलेली नावं मिळतात. हे पोर कुठेच मिळत नाही.

मामांच्या गोष्टींत जॅक्सनसाहेबही होता. नाशिकचा कलेक्टर, संस्कृतचा जाणकार, मराठी बोलणारा. लोक त्याला पंडित म्हणत. आणि याच जॅक्सनने बाबाराव सावरकरांवर खटला भरला. 1909 साली त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. आजोबा ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगत, एकाने दुसरं झाकत नसत. त्याच वर्षी 21 डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ पाहायला आलेल्या जॅक्सनला अनंत लक्ष्मण कान्हेरे या औरंगाबादेहून आलेल्या कोवळ्या तरुणाने गोळ्या घातल्या. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फासावर गेले.

साहेब गेले, क्लबही गेला. मैदान राहिलं ते आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. रणजीचे सामने तिथे होतात, कडेने जॉगिंग ट्रॅक आहे, शेजारी ईदगाह आणि जिल्हा रुग्णालय. आमच्याकडची माणसं रुग्णाला दाखवायला नाशिकला गेली की डबा याच बाजूला झाडाखाली उघडतात. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे तिथे धावतात. त्यांच्यात एखादा तरी शिंदखेड्याचा, शिरपूरचा भेटतो. कुणी त्याला अडवत नाही. एवढी मोठी मोकळी जमीन भर शहरात शाबूत राहिली, याचं मला मनापासून समाधान आहे.

आगेवाल्याचं पुढे काय झालं? तो मोटारीवर क्लीनर झाला. पण त्याच्यासारख्या पोरांचं पुढे काही झालं, तेही मी वाचलं आहे. कलकत्त्याच्या त्या 1829 च्या क्लबात मैदान राखणाऱ्या माणसाचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरसिया 2016 आणि 2017, सलग दोन वर्षं इंडियन ओपन जिंकला. चेंबूरला 1927 साली झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाजवळच्या वस्तीतले कॅडी सळई वाकवून काठी करतात आणि गल्लीत, पत्र्यांमधून, प्लॅस्टिकचा चेंडू मारतात. हात तोच, नजर तीच. यांना निदान गल्ली तरी आपली आहे.

चेंबूरच्या, येरवड्याच्या गोल्फ मैदानांवर अजून जुने कॅडी असतील. क्लबांनी आपले इतिहास छापताना त्यांच्याकडे बसावं, विचारावं: कुठल्या होलापाशी पाणी साचायचं, बाभूळ कुठे होती, दिवसाला काय मिळायचं, पहिल्यांदा काठी हातात कधी आली. आमच्या घरातला तो माणूस गेला, तेव्हा त्याला हे विचारणारं कुणी आलं नव्हतं. त्याला सगळं सांगता आलं असतं, अगदी पावलं मोजून.