रासचा मुक्काम

आमच्या सीमाभागात पत्त्याचे महत्त्व कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. एकाच गावाची दोन नावे, दोन लिप्या. पत्र अडकले तर बहुधा पत्त्यावरच अडकते. माझा विषय इतिहास, पदवीही त्यातलीच. तरीही एका वेगळ्याच पत्त्याचा इतिहास मला राजघराण्यांच्या वंशावळींपेक्षा अधिक गुंतवून ठेवतो. हा पत्ता आपल्या शरीरातील पेशीच्या आतला आहे, आणि कर्करोगाचे वाढणे-न वाढणे पुष्कळदा त्यावर अवलंबून असते.

१९६४ साली लंडनमध्ये जेनिफर हार्वे यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या विषाणूची लागण झालेल्या मोठ्या जातीच्या उंदरांचे रक्तद्रव लहान जातीच्या उंदरांच्या पिलांना टोचले. पिलांच्या अंगात भलत्याच गाठी उठल्या. पुढे १९६७ मध्ये किर्स्टन यांना असाच दुसरा विषाणू सापडला. या विषाणूंतील गाठी उठवणाऱ्या जनुकाला ‘रॅट सार्कोमा’ या शब्दांवरून ‘रास’ हे नाव मिळाले. हार्वेंचा तो एच-रास, किर्स्टनचा तो के-रास. वाचकांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत. पुढे सारे रामायण त्यांच्यावरूनच घडले.

१९८२ मध्ये अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी माणसाच्या मूत्राशयाच्या गाठीतला रास तपासला. निरोगी रासशी ताडून पाहता फरक निघाला एका अक्षराचा! १८९ दुव्यांच्या प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसीनऐवजी व्हॅलिन बसले होते. रास हे पेशीला ‘वाढ’ असा हुकूम देणारे बटण. या एका बदलाने ते चालू स्थितीत अडकून पडते. सगळे खापर त्या अक्षरावर फुटले. माझ्या मते ही निम्मीच हकीकत होय.

उरलेली निम्मी १९८४ ची. विषाणूतला बिघडलेला रास पेशीच्या बाह्य पटलाला आतून चिकटून बसतो, हे १९८० मध्येच दिसले होते. बर्टा विलुमसेन, डग्लस लोवी व सहकाऱ्यांनी त्या रासचे शेपूट तेवढे छाटले. (हेच लोवी पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीच्या पायाभूत कामासाठी ख्यातनाम झाले.) शेपूट गेल्यावर रास पटलाशी जाईना, पेशीतच भरकटत राहिला आणि पेशीही कर्करोगी होईना. बारावे अक्षर जसे वाईट होते तसेच होते, फक्त मुक्काम सुटला होता. तलाठ्याच्या शिक्क्याला चावडीवरच किंमत. तो रानात बसून कागदावर शिक्के मारू लागला तर कोण विचारतो?

चावडीवर असे काय घडते, ते १९९४ मध्ये कळले. रास तिथे राफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला बोलावून घेतो. लंडनमध्ये ख्रिस मार्शल यांच्या प्रयोगशाळेत राफलाच पटलावर जाण्याचे शेपूट जोडले, तेव्हा रासवाचूनही तो कामाला लागला.

त्याआधी १९८९ मध्ये त्या शेपटाचे गुपित फुटले होते. पेशी रासच्या शेवटाजवळ फार्नेसिल नावाची पंधरा कार्बनांची स्निग्ध साखळी जोडते, आणि तिच्यामुळे तो पटलात रुततो. जोडणी करणारे विकर १९९० मध्ये डॅलसला वेगळे काढण्यात आले. त्या गटात कोलेस्टेरॉलच्या कामासाठी नोबेल मिळवलेले ब्राउन व गोल्डस्टीन होते. मग विचार सरळच होता. विकर रोखा, शेपूट जोडू देऊ नका, रास निराधार होईल. १९९५ मध्ये मर्क कंपनीच्या संशोधकांनी अशा औषधाने उंदरांच्या गाठी विरघळवून दाखवल्या, आणि औषध कंपन्यांची धावपळ सुरू झाली.

पण त्या उंदरांत एच-रास होता. माणसाच्या स्वादुपिंडाच्या, आतड्याच्या व फुप्फुसाच्या कर्करोगात बिघडतो तो बहुतांशी के-रास. १९९७ मध्ये आढळले, की फार्नेसिल अडवले की के-रास दुसऱ्या विकराकडून वीस कार्बनांची साखळी जोडून घेतो आणि ठरल्या जागी जाऊन बसतो. दार एक बंद केले, तर याच्यापाशी दुसऱ्याची किल्ली होतीच. तरीही मोठ्या चाचण्या झाल्या, कारण ही औषधे इतर प्रथिनांनाही अडवतात, त्यातून काही साधेल अशी आशा होती. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या ६८८ रुग्णांवरील चाचणीचा निकाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधाला टिपिफार्निबची जोड दिलेल्यांचे मध्यमान आयुष्य १९३ दिवस, न दिलेल्यांचे १८२. संख्याशास्त्राच्या हिशेबी अकरा दिवसांचा हा फरक शून्यवतच. ज्या घरात असा रुग्ण आहे ते घर या अकरा दिवसांकडे कसे पाहील, ते संख्याशास्त्राला विचारण्यात अर्थ नाही.

पुढे वाट बदलली. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केव्हन शोकट यांच्या गटाला बाराव्या जागी सिस्टीन बसलेल्या के-रासवर औषध अडकवता येईल अशी खाच सापडली, आणि २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी सोटोरासिबला अमेरिकेत मान्यता मिळाली. इथे पत्त्याला हात न लावता थेट बिघडलेले बटणच पकडले आहे.

शेपूट तोडणारी औषधे मात्र कपाटात पडून राहिली नाहीत. प्रोजेरिया या दुर्मिळ आजारात मुले बालपणीच वृद्ध होऊ लागतात. तिथे एका सदोष प्रथिनाचे फार्नेसिल निघत नाही आणि ते केंद्रकाच्या आवरणात अडकून राहते. कर्करोगासाठी बनवलेल्या लोनाफार्निबला नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती या मुलांसाठी.