संगणकी सुरांतले उपरे स्वर

खालापूर तालुक्यात चौकजवळ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेला एन. डी. स्टुडिओ 'कर्जतचा स्टुडिओ' म्हणूनच ओळखला गेला. 'जोधा अकबर'सारख्या ऐतिहासिक चित्रपटांचे सेट तेथे लागले. ऐतिहासिक चित्रपटांत धावत्या रथाचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते. आठ आऱ्यांचे चाक सेकंदाला तीन फेरे घेत असेल, तर सेकंदाला २४ चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर दर वेळी त्याच जागी दुसरा आरा येतो आणि चाक थांबल्यासारखे भासते. वेग किंचित कमी झाला, की ते मागे जाऊ लागते. कॅमेऱ्याची ही फसगत डिजिटल ध्वनीतही होते. तिला 'एलियासिंग' म्हणतात. कीबोर्ड किंवा संगणकावरील सिंथेसायझरमध्ये ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वरतरंग निर्माण करणारा भाग, लिहिणाऱ्या प्रोग्रामरची ती जुनी डोकेदुखी आहे.

सीडीच्या प्रमाणानुसार ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. त्याच्या निम्मी, म्हणजे २२,०५० हर्ट्झ, ही लक्ष्मणरेषा. तिच्यापलीकडची कंपने नमुन्यांत मावत नाहीत. मात्र ती नाहीशी न होता दुमडून रेषेच्या आत येतात.

सिंथेसायझरमधील लोकप्रिय तरंग करवतीच्या दात्यांसारखा असतो. त्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सारे उपस्वर असतात. नवव्याची तीव्रता मूळ स्वराच्या एक नवमांश. तो लिहिणे वरकरणी सोपे आहे. एक संख्या −१ पासून +१ पर्यंत समान पायऱ्यांनी चढवायची आणि पुन्हा खाली टाकायची. गोम आहे ती या माथेरानच्या कड्यासारख्या उडीत. ती प्रत्यक्षात दोन नमुन्यांच्या मध्ये कुठेतरी पडते. प्रोग्राम मात्र तिला पुढच्या नमुन्यावर ढकलतो.

परिणाम आकड्यांत पाहता येतो. मूळ स्वर ५,००० हर्ट्झचा असेल, तर चौथ्या उपस्वरापर्यंत सारे ठीक. पाचवा २५,००० ऐवजी १९,१०० वर, आठवा ४,१०० वर आणि नववा थेट ९०० हर्ट्झवर, मूळ स्वराच्याही खाली, उमटतो. या स्वरांचे मूळ स्वराशी कोणतेही नाते नसते. आपल्या संगीतात तर हा दोष अधिकच खटकावा, कारण मींड. स्वर ५,००० वरून ५,१०० वर सरकला, की दुमडलेला आठवा उपस्वर ४,१०० वरून ३,३०० पर्यंत घसरतो. गाणे वर चढते आणि त्याची सावली खाली उतरते! नंतर फिल्टर लावूनही उपयोग नाही, कारण उपरे स्वर खऱ्या स्वरांतच मिसळलेले असतात. ते मुळात निर्माणच होऊ न देणे, हाच मार्ग.

प्रत्येक सप्तकासाठी मर्यादेतच थांबणाऱ्या उपस्वरांचा वेगळा तक्ता आधीच तयार ठेवणे ही सर्वांत सरळ पद्धत. तिला स्मृती जास्त लागते. उपस्वर फार हळूहळू क्षीण होत असल्याने केवळ नमुने दुप्पट करून भागत नाही. स्टॅनफर्डमधील टिम स्टिल्सन व ज्युलियस स्मिथ यांनी १९९६ मध्ये मर्यादित उपस्वरांच्या स्पंदांपासून तरंग घडविण्याची रीत मांडली. ईलाय ब्रँट यांनी २००१ मध्ये उडीच्या जागी आधीच गुळगुळीत केलेली पायरी बसवली. वेसा व्हॅलिमॅकी व अँटी हुओव्हिलाइनेन यांच्या २००७ च्या लेखात तिचे अगदी स्वस्त रूप आहे. आज 'पॉलीब्लेप' या नावाने तेच सर्वाधिक आढळते.

त्याचे गणित शालेय आहे. चक्रातील स्थान ० ते १ मोजायचे. वारंवारता भागिले नमुन्यांची संख्या ही दर नमुन्याची पायरी. उडीनंतरच्या नमुन्यासाठी क्ष म्हणजे स्थान भागिले पायरी. तेथे करवती तरंगातून (२क्ष − क्ष² − १) वजा करायचे. उडीआधीच्या नमुन्यासाठी स्थानातून १ वजा करून पायरीने भागले, की क्ष मिळतो. तेथे (क्ष² + २क्ष + १) वजा करायचे. बाकी नमुन्यांना हात लावायचा नाही. चौकोनी तरंगात चक्रामागे दोन उड्या असल्याने हीच दुरुस्ती दोनदा लागते.

अतिशय उंच स्वरांत याही पद्धतीत थोडे उपरे स्वर शिल्लक राहतात. तेथे दुप्पट नमुन्यांची जोड देतात. एखाद्या कीबोर्डची परीक्षा घ्यायची असल्यास करवती तरंग निवडावा, फिल्टर पूर्ण उघडा ठेवावा आणि सर्वांत वरच्या पट्ट्यांवर स्वर सावकाश चढवत न्यावा. त्या वेळी खाली उतरणारी शीळ ऐकू आली, तर ती एलियासिंगची.